नकली सुटे भाग आणि घरची मोटार



नकली माल म्हणजे काय, हें रत्नागिरी जिल्ह्यांतील माणसाला शिकवावें लागत नाहीं. चैत्र-वैशाखांत परमुलखांतला आंबा आमच्या पेटींत, आमच्यासारख्याच पेंढ्यांत बसून, आमचेंच नांव लावून मोठ्या शहरांच्या बाजारांत उतरतो, हें आपण वर्षानुवर्षें पाहत आलों आहों. २०१८ सालीं कोंकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालें, तें अशाच नांवचोरीला आळा बसावा म्हणून. परंतु आंब्याच्या बाबतींत एक सोय आहे. पेटी उघडली कीं वास येतो, आणि फोड जिभेवर ठेवली म्हणजे खरेंखोटें तेथल्या तेथें ठरतें. फसवणूक झालीच तर चार पैसे जातात आणि तोंडाची चव जाते. जीव जात नाहीं. आज ज्या मालाविषयीं मला बोलावयाचें आहे त्याला वास नाहीं, चव नाहीं, आणि त्याचें खोटेपण बहुधा अशा वेळीं उघड होतें कीं, ज्या वेळीं तें कळून कांहीं उपयोग नसतो. हा माल म्हणजे मोटारीचे नकली सुटे भाग.

एके काळीं मोटार ही डॉक्टर, वकील आणि बडे व्यापारी यांच्या दारची वस्तु होती. आतां चिपळुणांत मध्यम स्थितीच्या घरापुढेंही ती उभी असते, आणि घरांतील एखादा हौशी मनुष्य रविवारीं सकाळीं तिचें झांकण उघडून कांहीं ना कांहीं करीत असतो. ही हौस मी वाईट म्हणत नाहीं. ऑईलची पातळी पाहणें, टायरांतील हवा तपासणें, एअर फिल्टर झटकणें किंवा बदलणें, बॅटरीच्या टोंकांवर चढलेला क्षार पुसून काढणें, हीं कामें स्वतः करणारा मनुष्य आपली गाडी ओळखतो, आणि तिच्यांत कांहीं बिघडलें तर तें इतरांच्या आधीं त्याच्या कानाला कळतें. हल्लीं इंटरनेटवर कोणतेंही काम शिकविणाऱ्या चित्रफिती मिळतात, आणि लागेल तो भाग घरपोंच येतो. धोका शिरतो तो येथेंच. पूर्वीं भाग निवडण्याचें काम मिस्त्री करी; त्याच्या हाताखालून तसले शेंकडों भाग गेलेले असत. आतां तें काम असा मनुष्य करतो कीं, जो तो भाग आयुष्यांत पहिल्यांदांच पाहत आहे. आणि तेंही एक चित्र व एक किंमत यांच्या भरंवशावर.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवूं. दुकानांत आपण 'ओरिजिनल आहे ना?' असें विचारतों आणि 'हो, ओरिजिनलच' असें उत्तर मिळतें. पण त्या एका शब्दाखालीं निरनिराळ्या जातींचा माल वावरतो. पहिली जात मोटार बनविणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या खोक्यांत येणाऱ्या भागांची. दुसरी जात, तो भाग ज्या कारखान्यानें त्या कंपनीला बनवून दिला, त्याच कारखान्यानें आपल्या स्वतःच्या नांवानें बाजारांत आणलेल्या मालाची. मोटारकंपनी सगळे भाग स्वतः बनवीत नसते. डिझेल इंजिनांत इंधन फवारणारीं यंत्रें नाशिकच्या कारखान्यांत तयार होतात आणि अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसतात. ब्रेक, क्लच, दिवे, पट्टे यांचेंही तसेंच. म्हणून ही दुसरी जात पुष्कळदां पहिलीइतकीच चांगली व स्वस्त असते. तिसरी जात, मूळ गाडीशीं संबंध नसलेल्या पण स्वतःच्या नांवावर उघडपणें माल विकणाऱ्या कारखानदारांची. यांत उत्तम, मध्यम व टाकाऊ असे सर्व प्रकार आहेत; पण माल वाईट निघाला तर कोणाचें दार ठोठवावयाचें हें तरी ठाऊक असतें. नकली भाग ही चौथी जात. तिचा कर्ता स्वतःचें नांव सांगत नाहीं. तो दुसऱ्याचें नांव, दुसऱ्याचा शिक्का व दुसऱ्याचें वेष्टण चोरतो. स्वस्त माल आणि नकली माल यांतील भेद हाच. स्वस्त मालाचा विक्रेता तुम्हांला कमी देतो, पण किती देतो हें सांगून देतो. नकली मालाचा विक्रेता तुमच्या विश्वासावरच हात मारतो.

आतां चिपळूणची भूमि पाहा. मुंबईकडे जावयाचें तर परशुराम घाट, कऱ्हाडकडे जावयाचें तर कुंभार्ली घाट. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. गणपतीच्या दिवसांत मुंबईकर चाकरमान्यांच्या गाड्या भर पावसांत, बायकामुलें आणि सामान यांनीं लादलेल्या, रात्रीच्या रात्रीं या रस्त्यांनीं येतात. सपाट मुलखांत जी उणीव वर्षभर लपून राहील, ती आमच्या घाटांत एका उतारांत बाहेर येते.

कुंभार्ली घाट उतरतांना ब्रेकवर काय भार येतो याचा थोडा हिशेब करूं. बाराशे किलो वजनाची गाडी पांचशे मीटर उंचीवरून खालीं आली म्हणजे सुमारें ५९ लाख जूल एवढी ऊर्जा कोठें तरी जिरवावी लागते. तेवढ्या ऊर्जेनें अठरा लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे मोठा हंडाभर पाणी. कांहीं भाग वारा आणि चाकांचें घर्षण खातें. शहाणा चालक गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवून मोठा वांटा इंजिनावर टाकतो. उतावळा चालक जवळजवळ सर्व भार ब्रेकवर टाकतो. जी ऊर्जा ब्रेकवर पडते ती उष्णता होऊन तबकडींत आणि पॅडांत शिरते.

ब्रेकचा पॅड म्हणजे पोलादाच्या पट्टीवर दाबून बसविलेला घर्षणद्रव्याचा थर. त्या थरांत तंतु, धातूचा चुरा, ग्राफाईट, राळ असे अनेक पदार्थ ठराविक प्रमाणांत असतात आणि ते ठराविक उष्णतेंत व दाबांत शिजविलेले असतात. हें मिश्रण तापल्यावरही पकड सोडूं नये, यासाठींच सगळा खटाटोप. नकली पॅड बनविणाऱ्याला रंग, आकार व छाप एवढेंच साधावयाचें असतें. आंतला थर तो हातीं लागेल त्या भुकटीचा करतो, आणि पट्टीवर तो कच्च्या डिंकानें चिकटवितो. असा पॅड थंड असतांना चांगला लागतो. अंगणांत गाडी दहा पावलें पुढें-मागें करून 'ब्रेक अगदीं झकास लागतो' असें म्हणणाऱ्या गृहस्थाचें म्हणणें खोटें नसतें; पण त्यानें घेतलेली परीक्षा मात्र चुकीची असते. तिसऱ्या-चौथ्या वळणावर पॅड तापला म्हणजे त्याची पकड सुटूं लागते, पाय अधिक जोरानें दाबावा लागतो, त्यानें उष्णता आणखी वाढते, आणि शेवटीं थर पट्टीवरून निखळला तर लोखंडावर लोखंड घासतें. नकली भागाची परीक्षा घरीं होत नाहीं, ही गोष्ट या साऱ्या विषयांत सर्वांत महत्त्वाची आहे. ती परीक्षा घाटच घेतो.

दुसरें उदाहरण ब्रेक ऑईलचें. पायाचा दाब चाकापर्यंत नेणारा हा द्रवपदार्थ हवेंतील ओल शोषून घेतो, आणि कोंकणच्या हवेंत ओलीला तोटा नाहीं. डॉट ३ या वर्गाच्या ताज्या ऑईलचा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल मुरलेल्या स्थितींत तो १४० अंशांपर्यंत खालीं आलेला चालतो. डॉट ४ साठीं हेच आंकडे २३० आणि १५५ आहेत. खऱ्या मालाची ही कथा, तर भेसळीच्या बाटलीची काय असेल! ऑईल उकळलें कीं नळ्यांत वाफ होते. द्रव दाबला जात नाहीं, वाफ दाबली जाते. म्हणून पाय थेट तळाला जातो आणि चाकाला कांहींच कळत नाहीं. गाडी थांबवून थंड केली कीं ब्रेक पुन्हां पूर्ववत् लागूं लागतो, आणि मग घडलें काय याचा पुरावाही राहत नाहीं. म्हणून ब्रेक ऑईल नेहमीं सीलबंद लहान बाटलींतलेंच घ्यावें, उघडलेली उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठीं फडताळांत जपून ठेवूं नये.

तिसरें उदाहरण जिवाचें नाहीं, पैशांचें आहे. ऑईल फिल्टर बाहेरून पाहिला तर रंगविलेला पत्र्याचा डबा. आंत घड्या घातलेला कागद आणि बहुधा दोन छोट्या झडपा असतात. एक झडप, कागद तुंबला तर इंजिन ऑईलविना तडफडूं नये म्हणून वाट मोकळी करून देते. दुसरी, रात्रभर उभ्या गाडीचें ऑईल फिल्टरमधून ओघळून जाऊं देत नाहीं. नकली डब्यांत कागद कमी असतो, त्याचे सांधे सुटतात, आणि झडपा कित्येकदां नांवापुरत्या असतात. मग रोज सकाळीं पहिले कांहीं क्षण इंजिन कोरडें फिरतें. याचा परिणाम आज दिसत नाहीं, उद्यां दिसत नाहीं. हजारों किलोमीटरांनंतर इंजिन खडखडूं लागतें, मोठें बिल हातीं पडतें, आणि त्या बिलाचा संबंध दोन वर्षांपूर्वीं वांचविलेल्या शंभर-दीडशें रुपयांशीं कोणीही जोडीत नाहीं. नकली मालाचा धंदा टिकतो तो याच विस्मरणावर.

हा रोग आपल्या देशापुरता नाहीं. ८ सप्टेंबर १९८९ रोजीं ऑस्लोहून हँबर्गला निघालेलें एक विमान डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रांत कोसळलें आणि आंतील सर्व ५५ माणसें दगावलीं. चौकशींत असें आढळलें कीं, शेपटीचा उभा पंख धडाला जोडणारे कांहीं बोल्ट व खिळे नकली होते. त्यांचें पोलाद हवें तितकें कणखर नव्हतें. ऑक्टोबर २०१२ मध्यें अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा खात्यानें नकली एअरबॅगांविषयीं जनतेला जाहीर इशारा दिला. चांचणींत त्यांपैकीं कांहीं नीट फुगल्या नाहींत, तर कांहींतून धातूचे तुकडे उडाले. विमानविद्येसारख्या, प्रत्येक खिळ्याची नोंद ठेवणाऱ्या धंद्यांत जर खोटा बोल्ट शिरूं शकतो, तर आपल्या गल्लींतील गॅरेजांत तो शिरणार नाहीं असें मानणें भाबडेपणाचें होईल.

हा माल येतो कसा? बनविणारा आडवाटेच्या एखाद्या खोलींत बसलेला असतो, पण त्याला सर्वांत मोलाची मदत आपणच करतों. खऱ्या भागाचें रिकामें खोकें आपण जसेंच्या तसें रद्दींत देतों. त्याच खोक्यांत नकली भाग बसला कीं ओळखणाऱ्याची अर्धी विद्या संपली. म्हणून भाग बसवून झाल्यावर खोकें व लेबल फाडून टाकावें, बाटलीचें झांकण तोडावें, जुना पॅड किंवा फिल्टर निकामी करून मग भंगारांत द्यावा. यांत खर्च कांहीं नाहीं. वापरलेले भाग घांसूनपुसून, रंगवून पुन्हां नवे म्हणून विकण्याचा प्रकारही आहेच.

आपल्या गांवाला हा विषय विशेष लागू पडण्याचें आणखी एक कारण आहे. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठी आणि शिवनदी यांच्या पुरानें चिपळूणची बाजारपेठ बुडाली. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनीं पाहिला होता त्यांनींही या पुरापुढें हात टेकले. पुरुषभर पाण्याखालीं गेलेल्या गाड्या चिखलांतून ओढून काढाव्या लागल्या. अशा प्रसंगीं काय होतें याचा विचार करा. शेंकडों गाड्यांना एकाच वेळीं बेअरिंगें, फिल्टर, ब्रेक, स्टार्टर, विजेच्या तारा लागतात. दुकानांतील सांठाही त्याच पाण्यांत गेलेला असतो. घरदार, धान्य, दुकान सगळें नव्यानें उभें करावयाचें असल्यामुळें प्रत्येकाचा हात आंखडलेला असतो. मागणी मोठी, पुरवठा थोडा आणि पैसा कमी, अशा तिठ्यावरच खोटा माल उभा असतो. आपत्तींत सांपडलेल्या माणसानें स्वस्त भाग घेतला तर त्याला नांवें ठेवण्याचा अधिकार कोणाला नाहीं. परंतु पुढचा पूर येणारच नाहीं असें या गांवांत कोणी म्हणूं शकत नाहीं; म्हणून कोठें काटकसर चालेल आणि कोठें चालणार नाहीं, हें सुकाळांतच ठरवून ठेवलेलें बरें. पुरांत बुडालेल्या गाडीची एअरबॅग, विजेचीं नियंत्रणपेटिका आणि बेअरिंगें हीं वरून कितीही स्वच्छ दिसलीं तरी दुसऱ्याच्या गाडींत बसविण्यासारखीं नसतात, हेंही लक्षांत ठेवावें.

माझी वांटणी साधी आहे. जो भाग बिघडला तर गाडी थांबणार नाहीं, वळणार नाहीं किंवा माणसाला सांवरून धरणार नाहीं, तेथें काटकसर करूं नये. ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, टायर, सस्पेन्शन, सीटचा पट्टा, एअरबॅग, पुढची कांच हे भाग या वर्गांतले. जो भाग बिघडला तर इंजिनाचें नुकसान होईल, तेथें पहिल्या दोन जातींचा माल घ्यावा. आणि पायपोस, सीटचें कापड, आरशाचें बाहेरचें आवरण, चाकावरची शोभेची तबकडी यांत हवी तितकी काटकसर करावी. वायपर मात्र आपल्या पावसांत शोभेचा भाग समजूं नये.

खरा भाग ओळखावयाचा कसा? एकाच खुणेवर विसंबूं नये. चकचकीत होलोग्रामचीही नक्कल होते. आपल्या गाडीच्या चॅसिस क्रमांकावरून अधिकृत विक्रेत्याकडे त्या भागाचा नेमका क्रमांक विचारून घ्यावा, आणि खोक्यावरचा व प्रत्यक्ष भागावरचा क्रमांक त्याच्याशीं ताडून पाहावा. २०११ च्या वेष्टित वस्तूंविषयींच्या नियमांप्रमाणें वेष्टणावर बनविणाऱ्याचें नांव व पत्ता, निर्मितीचा महिना व वर्ष, करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठीं संपर्क छापलेला असावा लागतो. यांतील कांहीं गाळलेलें असेल, पुसट असेल किंवा शब्दांत चूक असेल, तर तो माल परत करावा. टायरावर आणि कांचेवर आय.एस.आय. चिन्ह पाहावें. काढलेला जुना भाग एका हातांत आणि नवा दुसऱ्या हातांत घेऊन वजन, जाडी, कडांची सफाई यांची तुलना करावी. ही जुनी तराजूची रीत अजूनही उपयोगी पडते. खोक्यावर तपासणीचा चौकोनी कोड असल्यास कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर जाऊनच तो पडताळावा. खोकें सांगेल त्या पत्त्यावर जाऊं नये, कारण खोटें खोकें खोटाच पत्ता सांगणार. इंटरनेटवरून घेतांना दुकानाचें मोठें नांव पाहून भुलूं नये. प्रत्यक्ष विक्रेता कोण, हें खालीं बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें, तें वाचावें. आणि किंमत नेहमीच्या निम्म्यावर आली असेल, तर ती सवलत कोणाच्या खिशांतून निघते हा प्रश्न स्वतःला विचारावा.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे बिल. 'बिल नको असेल तर एवढे कमी' हें वाक्य ऐकलें कीं सावध व्हावें. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के वस्तु व सेवा कर आहे. पूर्वीं पुष्कळ भागांवर तो २८ टक्के होता. तेव्हां बिल टाळण्याचा मोहही आतां तितका मोठा राहिलेला नाहीं. बिलावर भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. मिस्त्रीकडून काम करवून घेतलें तर 'मिस्त्री, काढलेला भाग आणि नव्याचें खोकें मला दाखवा हो' एवढें सौजन्यानें म्हणावें. प्रामाणिक मिस्त्रीला याचा राग येत नाहीं. पुष्कळदां तोही फसलेला असतो, आणि तुमच्या प्रश्नामुळें त्यालाही आपल्या घाऊक व्यापाऱ्याला जाब विचारतां येतो.

एवढें करूनही फसवणूक झालीच, तर गप्प बसूं नये. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखालीं खोटें चिन्ह वापरणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें बनावट मालामुळें मनुष्य मेला, तर दोषी व्यक्तीस सात वर्षांहून कमी नाहीं अशी कैद आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊं शकते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यकेंद्राकडे दाद मागतां येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगापुढें पांच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीविषयींच्या तक्रारीला शुल्क पडत नाहीं. बिल, खोकें आणि तो भाग हे तीन साक्षीदार मात्र जपून ठेवावयास हवेत. खोकें फाडण्याचा सल्ला मीं मघाशीं दिला, तो हमीची मुदत संपल्यानंतरचा समजावा.

शेवटीं एकच गोष्ट. आपल्या गाडीचा ब्रेक ही केवळ आपली खासगी बाब नव्हे. घाटांत पुढें जाणाऱ्या एस.टी.मधील साठ माणसें, कडेनें दप्तर घेऊन चाललेलीं शाळेचीं मुलें आणि समोरून येणारा दुचाकीस्वार यांनीं आपल्या गाडींतील पॅडाचें खोकें पाहिलेलें नसतें. बिलांत किती वांचलें हें त्यांना कोणी विचारलेलें नसतें. तरी त्या वांचविलेल्या पैशांचा जामीन म्हणून आपण त्यांनाच उभें केलेलें असतें. येत्या रविवारीं गाडीचें झांकण उघडाल तेव्हां आधीं फडताळांतील ब्रेक ऑईलची ती अर्धी उरलेली बाटली बाहेर काढा, आणि तिच्यावरचा महिना व वर्ष वाचा.